दूध बंद, मग हाडं कशाची?

माझ्यासमोरच्या खुर्चीत बसलेला माणूस काल काय खाल्लं हे सांगताना हमखास खोटं बोलतो. वकिलाला खरं सांगेल, पोलिसाला अर्धं सांगेल, मला मात्र नाही. "काल काय जेवलात?" असं विचारलं की समोरचा सावरून बसतो, टोपी नाहीतर पदर सारखा करतो आणि पाठ म्हणावा तसं म्हणतो, "दोन पोळ्या, वाटीभर वरण, पालेभाजी, काकडी." काकडी तर सगळेच सांगतात. लोक सांगतात तेवढी काकडी परभणी जिल्ह्यात पिकत असती, तर आपण कापूस कधीच सोडून दिला असता.

मी आहारतज्ज्ञ. हा शब्द आमच्या दवाखान्यात फक्त माझ्या दारावरच्या पाटीने वापरला. बाकी स्टाफ 'डाएटवाल्या मॅडम' म्हणायचा आणि खेड्यापाड्यातले पेशंट 'खान्याच्या बाई'. मला हे शेवटचं नाव आवडायचं, कारण त्यात पथ्याचा वास नव्हता. परभणीतल्या एका खासगी दवाखान्यात, जिन्याखालच्या खोलीत मी नोकरीची सगळी वर्षं काढली आणि नुकतीच निवृत्त झाले. खोलीचं छत तिरकं होतं. भल्याभल्या डॉक्टरांना माझ्याकडे वाकून यावं लागायचं, याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

बाहेरून आमचं काम फार सोपं दिसतं. डॉक्टर आजार सांगतात, आम्ही छापील तक्ता देतो, पेशंट त्याची घडी करून खिशात घालतो आणि घरी जाऊन जे खायचं तेच खातो. खरं काम तक्ता देण्याच्या आधीचं असतं. घरात खरोखर काय शिजतं, कोण कोणाच्या ताटात काय वाढतं, कोण चोरून काय खातं, हे काढून घ्यायचं. त्यासाठी मी 'काय खाल्लं' हा प्रश्नच बंद केला होता. मी विचारायची, "काल कोणतं भांडं घासायला जड गेलं?" बायांना वाटायचं, बाई गप्पा मारतायत. मग कढई निघायची, खरपुडी धरलेलं दुधाचं पातेलं निघायचं, पाकाची परात निघायची. एकदा परात निघाली की तिच्यातले गुलाबजाम कोणी खाल्ले ते निघायला वेळ लागत नाही.

झरीचे एक मोठे शेतकरी होते, शुगर कायम चढलेली. "गोड सोडलं म्हंजे सोडलं," असं छातीवर हात ठेवून सांगायचे. मी विचारलं, चहा घेता का? "घेतो की. आल्यागेल्यासंगं घ्यावाच लागतो." साखरेचा? त्यांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं. "चहात साखर असतीच की, बाई. त्याला गोड कोन म्हनतं?" पाथरीचे एक पेढेवाले होते. दर्शनाला येणाऱ्यांना पेढे विकायचे आणि स्वतः एकही पेढा खात नसल्याचं शपथेवर सांगायचे. त्यांच्याकडून बऱ्याच दिवसांनी कळलं की मोडका पेढा ते पेढ्यात धरतच नव्हते. "गिऱ्हाईक घेत न्हाई, टाकून देववत न्हाई. मंग त्याचं काय करावं, तुमीच सांगा."

हे दोघं खोटं बोलत नव्हते, हे मला फार उशिरा समजलं. प्रत्येक घरात खाण्याचा आपला एक कायदा असतो. कशाला गोड म्हणायचं, कशाला जेवण म्हणायचं, उपासाला काय चालतं, सगळं त्यात ठरलेलं असतं. त्या कायद्याप्रमाणे माणसं अगदी प्रामाणिक असतात. आपण मात्र आपल्या कायद्याने त्यांना पकडायला जातो. हे मी एरवी हसत हसत सांगते, पण पालमकडच्या एका मुलीच्या बाबतीत हसू आलं नव्हतं.

त्या दिवशी आमच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोन करून सांगितलं, "मॅडम, एक मुलगी पाठवतोय. मनगट दुसऱ्यांदा मोडलंय. आणि पडली कुठून, तर ओट्यावरून. दूध अजिबात चालत नाही म्हणतात."

प्रतीक्षा आठवीत होती. काटक, सावळी, डाव्या हाताला कोरं प्लास्टर. बरोबर तिची आई संगीता. पालमजवळच्या एका वस्तीवर त्यांच्या शेळ्या-मेंढ्या आणि थोडी कोरडवाहू जमीन. वडील मेंढरं घेऊन वर्षातला बराच काळ बाहेर, म्हणून घर चालायचं ते आजोबांच्या, म्हणजे मारोतीआबांच्या शब्दावर. आबाही आले होते, पण आत आले नाहीत. खांद्यावर घोंगडं टाकून बाहेरच्या लिंबाखाली बसून राहिले. बायांनी बायांशी बोलायच्या खोलीत आपलं काय काम, असं त्यांना वाटलं असावं.

प्रतीक्षाला तान्हेपणापासून दुधाची अॅलर्जी. दूध न पचणं वेगळं आणि दुधाची अॅलर्जी वेगळी, हे इथे सांगून टाकते, कारण शिकलेल्या घरांतही यात गल्लत होते. ज्याला दूध पचत नाही त्याचं पोट बिघडतं, गुबारा धरतो. अॅलर्जी असलेल्याचं शरीर मात्र दुधातल्या प्रथिनांना शत्रू समजून त्यांच्यावर तुटून पडतं. घोटभर दूधही पुरतं. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात आणि वाईट वेळ असेल तर श्वास अडकतो. बऱ्याच लेकरांची ही अॅलर्जी मोठं होता होता जाते. हिची गेली नव्हती.

ती लहान असताना कुणा डॉक्टरांनी सांगितलं होतं, "दूध बंद." घरच्यांनी बंद केलं. सल्ला बरोबरच होता, पण पुढचं वाक्य कुणी बोललं नाही. दूध बंद, मग त्याच्या जागी काय? पोर वाढत होती, आणि हाडांचं बांधकाम याच वयात होतं. पुढचं सगळं आयुष्य त्या बांधकामावर काढायचं असतं. माल कमी पडला तर भिंत उभी राहते, पण धक्का सोसत नाही. तेरा-चौदाव्या वर्षी ओट्यावरून पडून मनगट मोडतं, ते असं.

संगीता म्हणाली, "आता खोखो बंद, बाई. मास्तरला सांगून आले, नाव काढा म्हनून. शाळा बी बंदच करावी म्हनायलेत आबा. पालमला जीपमधी कोंबून जायचं, कुनी ढकललं म्हंजे? दहावी बसंल बाहेरून."

प्रतीक्षा खाली मान घालून प्लास्टरवर नखाने रेघ ओढत होती. एकदम म्हणाली, "मी काय काचेची हाय का?"

"मंग कशाची हायस? दोनदा मोडली की," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ती घाबरलेली होती. प्रतीक्षाने माझ्याकडे पाहिलं आणि सरळ विचारलं, "बाई, मला पुना खेळता येईल का न्हाई?" तिला बाकी कशाशी देणंघेणं नव्हतं. कॅल्शियम वगैरे शब्द तिच्या कानावरून जात होते.

मी नेहमीचा प्रश्न टाकला. काल कोणतं भांडं घासायला जड गेलं?

"कालचं काय न्हाई," संगीता म्हणाली. "पर येळवशीचा आंबिलीचा हंडा घासता घासता हात भरून आले."

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. थंडीतल्या त्या अमावस्येला आमच्या भागात गाव रिकामं होतं आणि सगळे शेतात जेवायला जातात. कडब्याच्या खोपीत पूजा, हिरव्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि ज्वारीची आंबट आंबील. जो रस्त्याने दिसेल त्याला हाक मारून जेवायला बसवायचं.

"आंबील कशात करता?" मी विचारलं.

"ताकात."

"हिनं पिली?"

"पिली की. येळवशीला आंबील पिल्याबिगर कसं जमल?"

"अहो, पण ताक म्हणजे दूधच ना?"

संगीताने माझ्याकडे पाहिलं, ते झरीच्या शेतकऱ्यांनी पाहिलं होतं तसंच. "बाई, दूध येगळं आन् ताक येगळं. घुसळून घुसळून ताक होईस्तोवर त्यात दूध कुठं ऱ्हातं?"

त्या रात्री पोरीच्या अंगावर गांधी उठल्या होत्या, उलट्या झाल्या होत्या. दिवसभर शेतात ऊन लागलं असं ठरलं, आणि लोकांनी ताटाकडे पाहिलं म्हणून मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. दर येळवशीला असंच व्हायचं. दुसऱ्या दिवशी बरी व्हायची, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

मी समोर बसवून, एकेक नाव घेऊन सांगितलं. दूध नाही, ताक नाही, दही, लोणी, तूप, पेढा, दुधाचा चहा नाही. गाईचं नाही, म्हशीचं नाही, शेळीचं नाही, मेंढीचं नाही. संगीताने प्रत्येक नावाला मान हलवली. बालरोगाच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि रक्त तपासायला घेतलं. मायलेकी बाहेर गेल्या आणि लिंबाखालून उठलेल्या आबांना त्या काय सांगतायत ते मला खिडकीतून दिसलं. आबा नुसते ऐकत होते. त्यांनी काही ठरवलं आहे, हे मला तेव्हा कसं कळणार?

आबांचं ठरलं ते त्यांच्या आयुष्यभराच्या कामातून. मेंढी मेली की मागे राहिलेलं कोकरू दुसरी मेंढी पाजत नाही, लाथ मारते. कोकरूही तिच्याजवळ जात नाही. मग धनगर ते कोकरू तिच्याजवळ बांधतो, दिवसाकाठी थोडं थोडं पाजतो, वासाची सवय लावतो. हळूहळू दोघंही एकमेकांना धरून राहतात. आबांच्या हाताने अशी कितीतरी कोकरं जगली होती. हाडाला दूध लागतं हे त्यांनी दवाखान्याच्या आवारात ऐकलं होतं. शेळीचं दूध हे त्यांच्या लेखी दूध नव्हतंच, ते औषध. आजाऱ्याला, बाळंतिणीला, क्षयाच्या माणसाला देतात ते. मग नातीला शेळीच्या दुधाची थोडी थोडी सवय लावायची, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

आधी बोटाला लागेल एवढा थेंब. प्रतीक्षाच्या ओठांना खाज सुटली, पण ती कुणाला बोलली नाही, कारण आबांनी तिला शब्द दिला होता, "हाड पक्कं झालं की मीच तुला मैदानावर सोडून येतो." खेळायला मिळणार म्हणून ती पोर खाज सोसत राहिली. आई शेतात गेली की आजोबा-नातीचा हा उद्योग चालायचा. मग एके दुपारी आबांनी थेंबाचा पळीभर केला.

जीप दवाखान्याच्या दारात आली तेव्हा मी डबा उघडून बसले होते. वाटेत पालमच्या डॉक्टरांनी सुई देऊन पुढे पाठवलं होतं, म्हणून पोर इथवर आली. डोळे सुजून मिटलेले, ओठ ओळखू न येण्यासारखे, श्वासाची शिट्टी व्हरांड्यापर्यंत ऐकू येत होती. डॉक्टरीणबाई धावत आल्या, पुन्हा इंजेक्शन, ऑक्सिजन. मला तिथे काहीच काम नव्हतं. मी दाराशी उभी राहून तिच्या छातीकडे बघत राहिले. हळूहळू ती शिट्टी कमी होत गेली आणि डॉक्टरीणबाईंनी मान वर करून "सावरली" म्हटलं, तेव्हा कुठे मी दारातून हलले.

आबा व्हरांड्यात भिंतीला टेकून बसले होते. पटका काढून मांडीवर ठेवलेला. मी जवळ गेले तर म्हणाले, "बाई, मी माज्या हातानं मारलं असतं लेकराला." एवढंच म्हणाले आणि पटक्यात तोंड खुपसून रडायला लागले. मला त्यांचा संताप आला होता, तो कुठल्या कुठे गेला. त्यांनी जे केलं ते मायेनेच केलं होतं, म्हणून तर जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी ते आपण होऊन माझ्या खोलीत आले. उंच माणूस, छताला डोकं आपटलं. खुर्ची सोडून खाली बसायला लागले, मी उठवून खुर्चीत बसवलं.

"बाई, आता कायमचं सांगा," ते म्हणाले. "दूध तिला चालत न्हाई, हे मी डोळ्यानं बगितलं. आन् दुधाबिगर हाड होत न्हाई म्हनतेत. मंग तिला घरातच बसवतो. जिती तरी ऱ्हाईल."

तक्ता काढायला मी हात पुढे केला आणि थांबले. त्या तक्त्यात नाचणी होती, टोफू म्हणजे सोयाबीनचं पनीर होतं, बदामाचं दूध होतं. तो ज्या शहरात छापला तिथे हे सगळं मिळत असेल. पालमच्या बाजारात टोफू मागितला तर दुकानदार टोपी समजून कपड्याच्या दुकानाचा पत्ता सांगेल. मी तक्ता परत ठेवला.

"आबा, शेळीच्या पिलाला दूध किती दिवस मिळतं?"

"आं? दोन-तीन महिने. मंग तोडतो."

"पुढं काय खातं?"

"पाला. बोरीचा, बाभळीचा, शेवरीचा." मला काहीच कसं माहीत नाही याचं त्यांना नवल वाटत होतं.

"आणि हाडं कशी असतात त्याची?"

"बोकडाची? लय टनक. नळी फोडायला दगड लागतो, बाई."

"दूध तर लहानपणीच तुटलं. मग ती टणक हाडं कशाची झाली?"

 आबांनी खिडकीबाहेरच्या लिंबाकडे पाहिलं.

"पाल्याची," ते म्हणाले.

"आणि शेळी रोज दूध देते. त्या दुधात हाडाचा माल येतो कुठून? ती काय दूध पिते?"

आता मात्र ते हसले. ओले डोळे तसेच ठेवून हसले. "बाई, तुमी तर मला माजीच शेळी दाखवायलाव."

अर्थात माणसाचं लेकरू म्हणजे शेळी नव्हे. दिवसभर पाला रवंथ करायला आपल्याला तसं पोट दिलेलं नाही, म्हणून डॉक्टरांच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. पण आता ते ऐकत होते. मी त्यांच्या शिवारातल्याच वस्तू सांगितल्या. न पॉलिश केलेले तीळ. कारळाची चटणी. थंडीत करडईची कोवळी भाजी आणि हरभऱ्याचा पाला. बारा महिने शेवग्याचा पाला, तो तर शेळ्यांसाठी ते रोज तोडत होतेच. बाजाराच्या दिवशी सुकट. पोटभर डाळ आणि अंडी. चहा घ्यायचाच तर बिनदुधाचा. आणि ऊन. परभणीत उन्हाचा तुटवडा आहे असं कुणी म्हणालं तर आपण त्याला वेड्यात काढू, पण पोरीला प्लास्टर लागल्यापासून घराच्या आत बसवून ठेवलं होतं. या वेळी पुन्हा केलेल्या रक्ताच्या तपासणीत ड जीवनसत्त्व तळाला गेलेलं निघालं.

राहिला मैदानाचा प्रश्न. तो तिच्यासाठी सगळ्यात मोठा होता, म्हणून तो मी शेवटी काढला. "आबा, कोकरू दाव्याला बांधूनच ठेवलं तर पायात जोर धरतं का?"

"कसा धरंल? त्याला हुंदडावं लागतं. बांधल्यालं कोकरू लुळं पडतं."

 त्यांनी पटका डोक्याला नीट बांधला. मग उठले, या वेळी छत सांभाळून, आणि दारातून म्हणाले, "डाक्टरनी सोडली तर सोडतो. तोवर पाल्याचं मी बगतो."

हाडाचा हिशोब असाच असतो. हाडावर भार पडला, ते धावलं-उडालं तरच शरीर त्यात माल भरतं. आमच्या हाडांच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं. प्लास्टर निघाल्यावर आधी मनगटाचे व्यायाम, मग चालणं, मग दोरीवरच्या उड्या आणि सगळं ठीक दिसलं तर मैदान. ते 'तर' ऐकताना प्रतीक्षाचं तोंड एवढंसं झालं होतं.

मग ते वर्ष सुरू झालं. आबांनी पाल्याचं जे मनावर घेतलं ते बघून मलाच कधी कधी भीती वाटायची. भाकरीत शेवगा, वरणात शेवगा, धपाट्यात शेवगा. तीळ तर ते खिशात घेऊन फिरायचे आणि नात दिसली की मूठ पुढे करायचे. तपासणीला आली की प्रतीक्षा माझ्याकडे तक्रारी करायची आणि आबा शेजारी बसून कौतुकाने ऐकायचे. आता त्यांची जागा लिंबाखाली नव्हती, माझ्या खोलीतली दुसरी खुर्ची त्यांची झाली होती. बिस्किटांच्या पुड्यांवर बारीक अक्षरात दुधाची भुकटी लिहिलेली असते, हे मी तिला दाखवलं, तर तिने वर्गातल्या मैत्रिणींना वाचायला शिकवलं. तिच्या खोखोच्या मास्तरांना मी फोन करून काय झालं तर काय करायचं ते समजावलं. त्यांनी ते इतकं मनापासून ऐकलं की शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावूनही टाकलं. त्यात तिचं नावही होतं, त्यावरून ती आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही.

सगळ्यांचं असं होत नाही. हे लिहिताना मला एक लग्नाची मुलगी आठवते. तिलाही दुधाची अॅलर्जी, कंबर सतत दुखायची. सोयरीक जमली होती आणि सासरी काही कळू द्यायचं नाही असं माहेरच्यांनी ठरवलं होतं. "तिथं दूध दिलं तर काय करशील?" मी विचारलं, तर म्हणाली, "नको म्हनीन. उपास हाय म्हनीन." ती पुन्हा आली नाही. एखादं घर आपल्याला दार उघडतं, एखादं नाही उघडत. त्या मुलीला चांगलं घर मिळालं असेल, असं मी स्वतःला सांगते.

थंडीत पुन्हा येळवस आली. आबांनी मला जेवायला बोलावलं आणि न येण्याची सोयच ठेवली नाही, जीप पाठवली. शेतात खोप उभी होती, भज्जीचं पातेलं वाफाळत होतं आणि आंबिलीचा हंडा मधोमध. मी आधी प्रतीक्षाला शोधलं. मला वाटलं, तिच्यासाठी वेगळं काही वाढून बाजूला बसवली असेल. ती पंगतीत मैत्रिणींच्या मधे बसून वाटीने आंबील पीत होती. मी तिच्याकडे धावलेच.

संगीता हसत पुढे आली. "घाबरू नका, बाई. थेंबभर ताक न्हाई. पीठ आंबवलंय आन् चिंचेचा कोळ घातलाय. सगळ्यांना तेच."

सगळ्यांना, म्हणजे वाटेने जाणाऱ्या पाहुण्यांनाही आणि खोपीतल्या देवालाही. भावकीतल्या एका म्हाताऱ्याने वाटी तोंडाला लावून कुरकुर केली, "मारोती, पिढ्यान्‌पिढ्या ताकाची आंबील हाय. देवाला चिंचेची चालंल का?"

"देवानं लेकरू माघारी दिलं," आबा म्हणाले. "त्याला चिंच चालंल."

म्हाताऱ्याने वाटी पुन्हा तोंडाला लावली. मीही वाटी उचलली. आंबील जरा जास्तच आंबट होती, पण मी दोनदा मागून घेतली.

हाडांच्या डॉक्टरांनी त्यानंतर महिन्याभराने तिला मैदानाची परवानगी दिली. शाळेच्या गॅदरिंगमध्ये दोन गटांचा सामना होता. स्पर्धा वगैरे काही नाही, आपलाच गाव आणि आपलीच पोरं. मी आणि आबा कडेला बाकावर बसलो. मी इतकी वर्षं लोकांना शांत राहायला सांगत आले, पण त्या दिवशी बाकाची कड सोडवेना.

प्रतीक्षा पाठलागावर होती. खो मिळाला की अशी सुटायची की मातीचा धुरळा उठायचा. मग खांबाजवळ एक मुलगी तिला हुलकावणी देऊन निसटली. प्रतीक्षाने अंग झोकून दिलं आणि ती पडली. त्याच हातावर. हात खाली, अंग वर, ओट्यावरून पडली होती अगदी तशीच.

 मास्तरांची शिट्टी तोंडातच राहिली. भिंतीवरची ती मोठी अक्षरं सगळ्यांनी वाचलेली होती, सगळ्या शाळेला तिचं माहीत होतं. संगीताने डोळ्यांवर पदर ओढला. आबा उठून उभे राहिले, पण पाय पुढे टाकेनात. मी त्यांचा हात धरला की त्यांनी माझा, ते सांगता येणार नाही.

ती उठून बसली. डाव्या मनगटाची मूठ वळली, सोडली, पुन्हा वळली. मग हाताची माती झटकली आणि मास्तरांवर ओरडली, "बगत काय उभे ऱ्हायलाव, सर? गडी पळायलाय की!"

आबा परत बाकावर बसले.  आम्ही दोघं नुसते तिच्याकडे बघत राहिलो. हाड टिकलं होतं. मला आयुष्यात कुणी मेडल दिलं नाही आणि त्याची खंतही नाही, पण त्या दुपारी मला माझ्या कामाचा जो अभिमान वाटला तो मी लपवणार नाही.

सामना त्यांचा गट हरला. प्रतीक्षा घामाने निथळत, धुळीने माखून आमच्याकडे आली तर आबांची तिळाची मूठ पुढे झालीच. तिने ती मुकाट्याने तोंडात टाकली. माझ्या तोंडातून मी कधीच बंद केलेला तो जुना प्रश्न निघाला. "काल काय खाल्लंस गं?"

ती सावरून बसली नाही. काकडी म्हणाली नाही. तोंडातले तीळ चावता चावता म्हणाली, "शेवगा. परवा बी शेवगाच. आज सकाळी करडई, आन् आता घरी गेलं की पुना शेवगा. बाई, तुमी एकदा आबाला नीट समजावून सांगा ना. मी पोरगी हाय, शेळी न्हाई."

माझ्यासमोर इतकी वर्षं जेवढी माणसं बसली, त्यांत इतकं खरं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं.